धावड्याला बांधलेला हार

आदिलाबादला समुद्र नाही. मावल्याचा तलाव आहे, आणि तो भरला की आम्हाला तेवढा पुरतो. तलावाच्या काठाला लागून एक लहानसं रान आहे. साग, पळस, थोडे धावडे, तरवडाची झुडपं, हायवेकडे एक गेट आणि तिथून मधून गेलेली एक पायवाट. हायवेवरून गाडीत जाणाऱ्याला ते डोळ्यांतही भरणार नाही. मी रोज सकाळी तिथे फिरायला जाते. डॉक्टरने वजन कमी करा म्हणून तंबी दिली तेव्हापासून जायला लागले. वजनाने काही माझं ऐकलं नाही, पण रानाची सवय लागली ती लागलीच.

सुरुवातीला मला कावळा आणि चिमणी सोडून एक पाखरू ओळखू येत नव्हतं. आमचं बांगड्यांचं दुकान, त्यामुळे मला रंग कळतात, पण तेही काचेवरचे. मग हळूहळू डोळा बसला. तलावाच्या चिखलात टिटवी उगाच बोंबलते ते कळलं. सातभाई पाचोळ्यात कलकल करत फिरतात, भांडतातही आणि एकमेकांना सोडतही नाहीत, ते पाहून तर मला आमचंच घर आठवायचं. एकदा ससा पायवाटेवर माझ्यासमोर बसून राहिला आणि मी हलले नाही म्हणून तोही हलला नाही. शेवटी मलाच शिंक आली.

पायवाट तलावाकडे वळते तिथे एक वठलेला धावडा आहे. त्याच्या शेंड्यावर रोज एक पाखरू बसलेलं असायचं. मातकट रंगाचं, जाड डोक्याचं, मान आखडून बसणारं. त्याच्याकडे मी कित्येक दिवस धड पाहिलंही नव्हतं. मग एका सकाळी ते गवतातला किडा धरायला खाली झेपावलं आणि त्याचे पंख उघडले. अगं बाई! निळा म्हणजे किती निळा! इतकी वर्षं दुकान चालवते, पण माझ्याकडे तसल्या रंगाची एक बांगडी नाही. मी तोंड उघडं टाकून तिथेच उभी राहिले.

घरी येऊन सासऱ्यांना सांगितलं तर ते खदखदून हसले. "नीलकंठ व तो, सूनबाई! दसऱ्याचा पक्षी. इतक्या दिवसांचा तुले दिसून राह्यला, अन् तू आता सांगून राह्यली?"

सासऱ्यांचा जन्म तलमडुगूकडच्या आमच्या गावात गेला. ज्वारी, कापूस, बांधाला थोडी वांगी-मिरची. सासूबाई गेल्या आणि पाठोपाठ त्यांच्या गुडघ्यांनीही दगा दिला, तेव्हा आम्ही त्यांना शहरात आणलं. आता ते दुकानाच्या मागच्या खोलीत पलंगावर बसून असतात. शुगर आहे, गोळ्या आहेत, वेळच्या वेळी खायचं असं डॉक्टरचं बंधन आहे. बाकी माणूस कसलाच हट्ट करत नाही. भाजी अळणी झाली तरी मुकाट्याने खातो. हट्ट एकच, दसऱ्याचा.

दसऱ्याला नीलकंठ पाहिल्याशिवाय ते तोंडात घास घालत नाहीत. हे काही त्यांचं एकट्याचं नाही. इकडची तेलुगू माणसंही दसऱ्याला हाच पक्षी पाहायला निघतात, पालपिट्टा म्हणतात त्याला. पण सासऱ्यांचं जास्तीचं कलम असं की, बसलेला पाहिला तर तो धरायचा नाही. उडाला पाहिजे, पंख उघडले पाहिजेत. आणि जेवायला बसले की पहिल्या घासाआधी तो कोणत्या दिशेला गेला ते सांगायचं, त्यावरून वर्ष कसं जाईल ते ठरायचं. एका वर्षी पाऊस लागून राहिला आणि पक्षी काही दिसला नाही. तेव्हा हा माणूस रात्रभर उपाशी झोपला आणि दुसऱ्या दिवशी बांधावर जाऊन, पक्षी पाहूनच जेवला. सासूबाई हे सांगताना कपाळाला हात लावायच्या, पण त्यात कौतुकच जास्त असायचं.

मागच्या दसऱ्याआधी त्यांचे गुडघे इतके सुजले की गावापर्यंत जीपमध्ये बसणं शक्य नव्हतं.  नवरात्राच्या दिवसांत ते खिडकीतून समोरच्या तारेकडे बघत बसायचे. त्या तारेवर कबुतरांशिवाय काय असणार? मला पाहवलं नाही.

"मामाजी, तुमी काऊन काळजी करता? माझा पक्षी हाय ना! आटोनं नेते तुमाले. झाडासमोर खुर्ची टाकते, बसल्या जागी दर्शन घ्या."

"तुझा पक्षी?" त्यांनी मिश्कीलपणे विचारलं.

"हाव, माझाच. रोज मले भेटते तो."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण माझं तोंड! ते दुकानात कामाला येतं, बाकी सगळीकडे घात करतं. सकाळच्या फिरण्यात आमचा एक घोळका जमतो. त्यात आमच्या गल्लीतली तेलुगू अक्का आहे, तहसीलमधून रिटायर झालेले एक काका आहेत, आणि किराणावाल्या, शिक्षिका अशा आम्ही पाचसहा बायका. मी सगळ्यांना सांगितलं. एकदा नाही, रोज सांगितलं. नीलकंठ कुठे बसतो, कधी बसतो, किती निळा. मोबाइलवरच्या ग्रुपवरही टाकलं. माझ्या बोलण्यावरून वाटावं की तो पक्षी मीच अंडं उबवून मोठा केला.

दसरा उजाडला. सासरे आंघोळ करून, नुसत्या पाण्यावर, हार ओवायला बसले. आमच्या घरचे दसऱ्याचे हार तेच ओवतात. झेंडू, आंब्याचं पान, पुन्हा झेंडू, आणि खाली टोकाला कुरडूचा तुरा. बाकीचे लोक शेवटी आंब्याचं पान लावून गाठ मारतात. सासऱ्यांच्या ज्वारीत जन्मभर कुरडू माजला, ते तो उपटून थकले, आणि दसऱ्याला त्याचाच तुरा हाराला लावायचे. असा हार अख्ख्या आदिलाबादेत दुसऱ्या कोणाचा नसेल. दुकानाला एक हार, गल्ल्याला एक, स्कूटरला एक, देवाला, दाराला, शिलाई मशीनला. आमच्याकडे दसऱ्याला ज्याच्यावर पोट चालतं त्या प्रत्येक वस्तूला हार पडतो.

"मामाजी, एक जास्तीचा ओवा."

"आता कायले?"

"असू द्या, लागते," मी म्हणाले. त्यांनी विचारलं नाही, ओवून दिला. तुरा जरा मोठाच लावला.

तो हार घेऊन मी आणि दोघी मैत्रिणी मावल्याला गेलो आणि मी तो धावड्याला बांधला. मला त्यात काही चुकतंय असं पुसटसंही वाटलं नाही. सगळ्यांची पूजा होते, मग ज्या झाडावर नीलकंठ बसतो त्याची का नको? बुंध्याला हळदीकुंकू लावलं, उदबत्ती खोचली. खाली बांधला तर दुरून दिसणार नाही म्हणून मैत्रिणीच्या खांद्याचा आधार घेऊन वरच्या फांदीला अडकवला. लोकांना संध्याकाळी कुठे बघायचं ते कळायला हवं ना. वाऱ्याने तो भगवा हार झुलायला लागला. छान दिसत होता. मी फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला : आज संध्याकाळी नीलकंठ दर्शन, सगळ्यांनी यावे.

पक्षी तेव्हा झाडावर नव्हता. चरायला गेला असेल, येईल, असं मी मैत्रिणींना सांगितलं.

संध्याकाळी ऑटोतून सासऱ्यांना उतरवलं तेव्हा गेटापासूनच माणसं. माझ्या ओळखीची, त्यांच्या ओळखीची, नवीन साड्या, पोरंटोरं, सेल्फी. मला आधी अभिमानच वाटला, खोटं कशाला बोलू! माझे यजमान आणि मी दोन्ही बाजूंनी सासऱ्यांना धरून नेत होतो. लोक वाट देत होते, "ताई आल्या, ताई आल्या" म्हणत होते. सासऱ्यांचा भार माझ्या हातावर येत होता. सकाळपासून पोटात काही नव्हतं. दुपारची गोळी त्यांनी घेतली नव्हती, उपाशी पोटी कशी घेणार?

वळणावर खुर्ची टाकली. समोर धावडा, डाव्या अंगाला तलाव. धावड्याचा शेंडा रिकामा.

"येईल आता," मी म्हणाले.

लोक धावड्याखाली जाऊन हारासोबत फोटो काढत होते. कोणीतरी उदबत्तीचा नवा पुडा फोडला. वारा आला की हार झुलायचा, फांदीवर आपटायचा. त्या झुलण्याकडे बघता बघता माझ्या डोक्यात उजेड पडला. जे पाखरू मी एक पाऊल वाजवलं तरी उडतं, ते या झुलत्या भगव्या सापाशेजारी येऊन कसं बसेल? एवढी साधी गोष्ट, आणि ती मला सकाळी सुचली नव्हती.

सासऱ्यांनीही वर पाहिलं. बराच वेळ हाराकडे पाहिलं. "हा हार कोनं बांधला व?"

तेव्हा मी सरळ म्हणायला हवं होतं, मी बांधला. पण आजूबाजूला एवढी माणसं, आणि मी ताई. "कोनी तरी बांधला असन, लोकाइले काई समजत नाई," मी म्हणाले. माझेच शब्द माझ्या कानाला बोचले. हाराच्या टोकाला कुरडूचा तुरा लटकत होता, जरा मोठाच. सासऱ्यांची नजर त्या तुऱ्यावर थांबली, मग माझ्याकडे आली, मग तलावाकडे गेली. "बरं," एवढंच म्हणाले.

ऊन झाडांच्या मागे गेलं. घोळक्यात चुळबुळ सुरू झाली. अक्काने मला कोपराने ढोसलं, "एदी, पिट्टा एदी?" म्हणजे पक्षी कुठाय? तहसीलच्या काकांना तर संधीच हवी होती. "ताई, मौक्यावर पक्षी हजर नाई. पंचनामा करावा लागन," ते मोठ्याने म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसले. ते हसू माझ्या तोंडावर कसं दिसलं असेल ते देवच जाणे.

माझे यजमान कानाशी आले. "गेटापाशी एक जण पिंजऱ्यात नीलकंठ घेऊन बसला हाय. पंख बांधलेला हाय, पन हाय नीलकंठ. बाबाले तोच दाखवू का?"

सासऱ्यांनी ऐकलं. त्यांच्या कानांना काही झालेलं नाही. "बांधलेल्याचं कायचं दर्शन?" ते म्हणाले. "त्याच्यापक्षा उपाशी मरन बरं."

त्यांचा चेहरा पांढरा पडत चालला होता. कपाळावर घाम होता. मी त्यांच्या उजव्या अंगाला वाकले. "मामाजी, घरी चाला. दोन घास खा. पाया पडते." माझा आवाज फाटला. मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, ताई रडून राह्यल्या," आणि एकदम सगळे गप्प झाले. ती शांतता त्या हसण्यापेक्षा वाईट होती. धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं.

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग अचानक हात तलावाच्या दिशेने वर केला.

"तो पाहा! तो चालला! पान्यावरून चालला!"

सगळे गर्रकन वळले. मी वळले नाही, कारण मी आधीपासून तिकडेच बघत होते. सासऱ्यांच्या खांद्यावरून मला सगळा तलाव दिसत होता. पाणी होतं, एक बगळा होता, पलीकडचा काठ होता. बाकी काही नव्हतं.

"कुठं? कुठं?"

"गेला. तुमी सारे झाडाकडं पाहून राह्यले होते, तो मांगून गेला." त्यांनी टोपी सारखी केली, हात जोडले. "काय निळा हाय बाप्पा! झालं दर्शन."

अक्काने रिकाम्या पाण्याला नमस्कार केला. बायकांनी केला. काका म्हणाले, "बुजुर्गाची गवाही झाली, आता अपील नाई," आणि त्यांनीही हात जोडले. मग आपट्याची पानं निघाली, शमीची निघाली, सोनं घ्या सोनं द्या सुरू झालं. जो तो माझ्या हातात पान ठेवून म्हणत होता, "ताई, तुमच्यामुळं दर्शन झालं." मी प्रत्येकाला हसून पान परत देत होते. माझे हात पानांनी भरले. असं वाटत होतं, सगळं तिथेच फेकून पळत सुटावं.

मी स्वतःला समजावत होते की त्यांना दिसलाही असेल. म्हातारे डोळे आहेत, बगळा निळा दिसला असेल. ऑटोत सगळा रस्ता मी हेच घोकत आले.

घरी पाट मांडले. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी. सासऱ्यांनी गोळी घेतली, ताटाला हात लावला. माझे यजमान सहज म्हणाले, "बाबा, कोनीकडं गेला तो, सांगितलं नाई तुमी."

सासरे ताटाकडे पाहत राहिले. "गेला कोनीकडं तरी," म्हणाले आणि पोळीचा घास तोंडात घातला.

साठ वर्षं या माणसाने दिशा सांगितल्याशिवाय घास घेतला नव्हता. माझ्या हातातली तुपाची वाटी कलंडली. ते पोळी खात होते, चावत होते, "मऊ झाली" म्हणत होते, वरून आणखी अर्धी मागत होते. मी वाढत होते. त्यांनी माझ्यासाठी त्यांचा नेम मोडला होता, आणि वर मला बरं वाटावं म्हणून जेवूनही दाखवत होते. मी काय दिलं होतं त्यांना? एक हार, आणि तो माझा नाही म्हणून सांगितलेलं खोटं.

दुसऱ्या दिवशी मी घोळक्याची वाट पाहिली नाही, एकटीच मावल्याला गेले. धावड्याखाली चिप्सची पाकिटं, उदबत्तीच्या काड्या, दवाने ओघळलेलं कुंकू. हार वाऱ्याने फांदीला गुंडाळून घट्ट बसला होता. मी काठीने ओढला, तुटेना. मग दगडावर उभी राहून, धापा टाकत, फांदीला धरून सोडवला. झेंडू मळले होते, पण सासऱ्यांची गाठ जशीच्या तशी होती आणि कुरडूचा तुराही. हार पिशवीत घातला, पाकिटं गोळा केली, निघाले.

दहा पावलं गेले नसेन, तर मागे तो त्याचा खरखरीत आवाज आला, चॅक, चॅक. चोरून मान वळवली. शेंड्यावर बसला होता, मान आखडून, काही झालंच नाही अशा थाटात. आता तो खाली झेपावणार, पंख उघडणार, हे मला ठाऊक होतं. मी पटकन तोंड फिरवलं. ज्यांनी पाहायला हवं होतं त्यांनी पाहिलं नाही, मग मी कोणत्या तोंडाने पाहू? खाली मान घालून गेटापर्यंत चालत आले.

घरी आले तर सासरे दाराशी खुर्चीवर बसलेले. धुतलेलं धोतर, टोपी, मांडीवर काठी. शेजारी स्टुलावर चहाचा कप, त्यावर बशी झाकलेली. माझे यजमान वैतागले होते. "पाहा आता यांचं! सकाळपासून चहा नाई, नाश्ता नाई, गोळी नाई. इचारलं तर बोलून नाई राह्यले."

सासऱ्यांनी माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. पिशवीच्या तोंडातून कुरडूचा तुरा बाहेर आला होता. मी तो आत दाबायला गेले आणि हात तिथेच थांबला.

"काढला का हार?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. मग म्हणाले, "काढला, मामाजी. म्याच बांधला होता."

"मालूम हाय." त्यांनी काठी टेकून उठायचा प्रयत्न केला, मी धावत जाऊन धरलं. "कालची पोळी अजून माह्या गळ्याखाली उतरली नाई. बसला का तो?"

"बसला."

"मंग आटो बोलाव," ते म्हणाले. "अन् यावेळी कोनाले सांगू नको."